देणं देवाचं, दिमाख आपला: मराठी ख्रिस्ती श्रद्धाविचाराचा एक आढावा

मराठीत ख्रिस्ती श्रद्धेचा विषय निघाला की दोन गट उत्तर खिशात घालूनच बसलेले असतात. पहिला गट म्हणतो, दुष्काळात धान्य मिळालं, पोरांना शाळा मिळाली, त्यात श्रद्धा कुठून आली? दुसरा गट आमच्याच मंडळीतला. तो म्हणतो, विश्वास घट्ट धरा, मागाल ते मिळेल. पहिल्यांना श्रद्धा हा सौदा वाटतो. दुसऱ्यांनी तिचा खरोखरच सौदा करून टाकला आहे. व्यासपीठावर हे एकमेकांना पाण्यात पाहतात, पण श्रद्धा ही माणसाच्या हातची गोष्ट आहे, यावर दोघांचं गुपचूप एकमत असतं.

ख्रिस्ती परंपरेची भूमिका नेमकी याच्या उलट आहे. श्रद्धा देवाकडून येते, कृपेनं येते, आणि ती येण्यामागे देवाचा हेतू असतो. माणूस फार तर तिला 'हो' म्हणतो. पौलानं इफिसकरांना लिहिलेल्या पत्रात हे स्पष्ट सांगितलं आणि त्याचं कारणही दिलं: कुणी फुशारकी मारू नये. गलतीकरांना लिहिताना त्यानं हेतू सांगितला: श्रद्धेनं प्रीतीच्या द्वारे काम करावं. याकोबानं त्यावर कळस चढवला. कृतीवाचून असलेला विश्वास त्यानं सरळ मेलेला ठरवला. उगम देवात, फळ शेजाऱ्याच्या अंगणात, असा हा मूळ विचार. मराठीत त्याचं काय झालं, एवढंच मला इथे पाहायचं आहे.

त्याआधी युरोपातला एक प्रसंग सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. माणूस स्वतःच्या बळावर चांगला होऊ शकतो असं म्हणणारा पेलागियस आणि कृपेवाचून काहीच नाही म्हणणारा ऑगस्टीन, यांचा वाद वाचकांना ठाऊक आहेच. तो मिटल्यासारखा वाटला तेव्हा दक्षिण गॉलमधल्या मठवासीयांनी एक मधला मार्ग काढला: पहिलं पाऊल माणसाचं, पुढचा आधार देवाचा. ऐकायला किती समजूतदार! आजही दहातले नऊ ख्रिस्ती हेच मानत असतील. 529 साली ऑरेंज या गावी एका नव्या चर्चच्या अर्पणविधीसाठी बिशप जमले होते. आर्लचे सिझेरियस अध्यक्ष होते. त्यांनी ठरवलं की ते पहिलं पाऊलसुद्धा, विश्वास ठेवावा ही नुसती इच्छासुद्धा, कृपेचंच काम आहे. दोन वर्षांनी पोपनी त्यावर शिक्कामोर्तब केलं. पुढे कित्येक शतकं युरोपातल्या विद्वानांनाच या ठरावांचा विसर पडला. मला हे फार बोलकं वाटतं. श्रद्धा आपली कमाई नाही, हे माणसाला लक्षात ठेवायचंच नसतं.

अक्वायनस, लूथर, ट्रेंटची परिषद हा पुढचा सारा रस्ता पाठ्यपुस्तकांनी इतका तुडवला आहे की मी तो ओलांडूनच जातो. एवढंच नोंदवतो की ज्या प्रश्नावर पश्चिमेतलं चर्च दुभंगलं, त्यावर कॅथलिक आणि लूथरन पंथांनी 31 ऑक्टोबर 1999 रोजी आउग्सबर्गला संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. माणूस कृपेनंच तरतो, स्वतःच्या पुण्याईनं नव्हे, हे दोघांनी मिळून कबूल केलं. मराठी ख्रिस्ती नियतकालिकांत या घटनेवर किती छापून आलं, हे शोधू नका. निराश व्हाल.

एक काटा मात्र टोचतोच. श्रद्धा ही कृपा आहे असं ज्यानं सर्वांत जोरकसपणे मांडलं, त्याच ऑगस्टीननं चर्चमधून फुटलेल्या डोनॅटिस्ट पंथीयांवर सरकारी बळ वापरायला मान्यता दिली. देणगी देवाची, तर दंडुका कशाला? हा प्रश्न पुढे हजार वर्षांनी पोर्तुगीज गोव्यात येऊन उभा राहिला. साष्टीतली देवळं 1567 च्या सुमारास पाडली गेली. 1560 साली सुरू झालेलं इन्क्विझिशन, मधला थोडा खंड सोडला तर, 1812 पर्यंत चाललं. 1583 साली कुंकळ्ळीला पाच जेझुइट मारले गेले, आणि त्यांचे देह मिळवून आणणाऱ्यांत एक इंग्रज पाद्री होता: थॉमस स्टीफन्स.

हाच तो 'ख्रिस्तपुराणा'चा कर्ता. 1616 साली रायतूर (राचोल) इथे छापलेला, अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचा ग्रंथ. आमचे भाषाभ्यासक त्याच्या मराठीचं कौतुक करून थांबतात, जणू स्टीफन्स व्याकरणाच्या परीक्षेला बसला होता. पुराणाची मांडणी मात्र कुणी नीट पाहत नाही. नवख्रिस्ती ब्राह्मण प्रश्न विचारतो आणि पाद्री सांगतो. म्हणजे श्रद्धा इथे ऐकण्यातून येते, पौलानं रोमकरांना सांगितलं तशीच. आजूबाजूला सत्तेचा धाक असताना या माणसानं ओवीवर भरवसा ठेवला, कारण धाकानं डोकं वाकतं, मन वाकत नाही, हे कुंकळ्ळीनंतर त्याला कळलं असावं. 1956 साली शांताराम बंडेलू यांनी पुण्यातून देवनागरी आवृत्ती काढली म्हणून माझ्यासारख्यांच्या हाती हा ग्रंथ आला. त्यांचं ऋण मोठं आहे.

त्यानंतरची दोन शतकं मी भराभर उलटतो. सेरामपूरला मिशनरी केरी आणि त्यांच्या पंडितांनी 1811 साली नवा करार मराठीत आणला. 1813 साली अमेरिकन मिशन मुंबईत आलं, 1842 साली नगरला 'ज्ञानोदय' हे नियतकालिक निघालं. पुस्तिका भरमसाट छापल्या गेल्या आणि त्यांतल्या बहुतेक वादासाठीच लिहिलेल्या होत्या. समोरच्याचं तोंड बंद केलं की त्याचं हृदय उघडेल, असा त्या काळाचा समज होता. बाबा पदमनजींचं 'अरुणोदय' हे आत्मचरित्र तेवढं आजही जिवंत वाटतं, कारण त्यात पदमनजी स्वतःशी भांडतात.

आता माझ्या माणसाकडे येतो. नीलकंठशास्त्री गोऱ्हे. ओळखणारे मला या नावावरून हसतात, हसोत. एका संपादकांनी गोऱ्ह्यांवरचा माझा लेख 'वाचकांना हे नाव परिचित नाही' असा शेरा मारून परत पाठवला होता. नाव परिचित नाही म्हणूनच लेख लिहिला होता, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

जन्म 1825, झाशीजवळचा. कुटुंब कोकणस्थ ब्राह्मण, वाढ काशीत. जॉन म्यूर या स्कॉटिश अधिकाऱ्यानं 1839 साली संस्कृतात 'मतपरीक्षा' लिहून सुचवलं की सगळे धर्म बुद्धीच्या कसोटीवर घासून पाहावेत. त्याला उत्तर देणाऱ्या पंडितांत विशीच्या उंबरठ्यावरचा नीलकंठ होता. त्याच्या 'शास्त्रतत्त्वविनिर्णया'चं म्हणणं थोडक्यात असं: तर्क आधी आणि श्रद्धा नंतर, हा क्रमच चुकीचा. शास्त्रावर श्रद्धा असेल तरच तर्काला वाट दिसते. म्यूरला हरवायला निघालेल्या तरुणानं ऑगस्टीनचं नावही न घेता त्याचाच सिद्धान्त मांडला होता!

आणि 1848 साली जौनपूरला त्याचा बाप्तिस्मा झाला.

'मिशनऱ्यांनी फूस लावली' म्हणणाऱ्यांनी यापुढचं आयुष्य वाचावं. घर दुरावलं. मुलीच्या जन्मानंतर थोड्याच काळात पत्नी गेली, मुलगी परक्या कुटुंबात वाढली. पुढे 'षड्दर्शनदर्पण' लिहून त्यांनी सहाही दर्शनांशी तर्कानं झुंज दिली. पण खुद्द ख्रिस्ती श्रद्धेविषयीच्या शंका त्यांना बाप्तिस्म्यानंतरही छळत राहिल्या आणि त्यांनी त्या लपवल्या नाहीत. इथेच माझं आमच्या धर्मशिक्षणवाल्यांशी भांडण आहे. शंका म्हणजे अविश्वास, असं ते मुलांना शिकवतात. गोऱ्ह्यांकडे पाहा. श्रद्धा त्यांच्या बुद्धीनं बनवलेली असती, तर पहिल्याच खंडनाबरोबर ती गेली असती. ती टिकली, कारण ती टिकवणं त्यांच्या एकट्याच्या अंगावर नव्हतं. पुढे ते अँग्लिकन धर्मगुरू झाले आणि 1895 साली मुंबईत वारले, संन्याशाच्या साधेपणानं जगून.

त्यांचं खरं काम मात्र दुसऱ्याच एका व्यक्तीत उतरलं. पंडिता रमाबाई इंग्लंडमध्ये असताना गोऱ्ह्यांच्या पत्रांनी आपल्या ख्रिस्ती होण्याच्या निर्णयात मोठा वाटा उचलला, हे बाईंनी स्वतः लिहून ठेवलं आहे. 29 सप्टेंबर 1883 रोजी वाँटेजला मनोरमा या मुलीसह त्यांचा बाप्तिस्मा झाला. आता आम्ही काय करतो? ती तारीख सांगून टाळ्या घेतो किंवा शिव्या देतो. खरी कथा तर त्यानंतर सुरू होते. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन आणि इंग्रज शिक्षिका डोरोथिया बील यांच्याशी बाईंचा झालेला पत्रव्यवहार ए. बी. शहा यांनी संपादित करून 1977 साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं काढला. तो वाचताना मला आजही उठून उभं राहावंसं वाटतं. त्रैक्य, चमत्कार, चर्चचा अधिकार, एकेका मुद्द्यावर ही बाई पंचविशीत इंग्रज धर्मशिक्षकांना उभंआडवं तपासते. माझी सदसद्विवेकबुद्धी मी कुणाच्या हवाली केलेली नाही, हा त्या सगळ्या पत्रांचा सूर आहे. श्रद्धा देवानं दिलेली असेल तर तिच्यावर मालकी सांगायला मधला माणूस कोण, हा त्यामागचा तर्क. ऑरेंजच्या बिशपांनाही तो खोडता आला नसता.

पुढे बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, विल्यम हॅस्लम या धर्मगुरूचं आत्मकथन वाचताना रमाबाईंना जाणवलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त अजून सापडायचा आहे. हॅस्लमची हकीकतही अशीच: दीक्षा घेऊन वर्षानुवर्षं उपदेश करणाऱ्या या माणसाला श्रद्धा गवसली ती स्वतःच्याच प्रवचनपीठावर उभं असताना. 1907 सालच्या आपल्या साक्षीत बाई हे सारं मोकळेपणानं सांगतात. आणि हेतू? तो पाहायचा तर केडगावला जा. दुष्काळात रस्त्यावर आलेल्या मुली, विधवा, अंध स्त्रिया यांच्यासाठी 'मुक्ती' ही त्यांची संस्था उभी राहिली. हिब्रू आणि ग्रीक शिकून बाईंनी अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं. 1922 साली त्या गेल्या आणि 1924 साली तो ग्रंथ छापून पूर्ण झाला. याकोबाला याहून चांगला पुरावा कोणता हवा होता?

रेव्हरंड टिळकांवर सगळेच लिहितात, म्हणून मी आखडतं घेतो. रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशानं हाती दिलेला नवा करार, डोंगरावरील प्रवचनानं घातलेली भुरळ, 1895 चा बाप्तिस्मा, हे सर्वश्रुत आहे. आपण तुकारामाच्या वाटेनं ख्रिस्ताकडे आलो, असं ते मानत. काही धर्मपंडितांना आजही ते खटकतं. मला विचाराल तर देवानं देणगी पाठवताना कुठला रस्ता वापरावा, हे ठरवायचा अधिकार या पंडितांना कुणी दिला? लक्ष्मीबाईंचं 'स्मृतिचित्रे' तर श्रद्धा कशी येते याची मराठीतली सर्वांत प्रामाणिक नोंद आहे. नवऱ्यामागोमाग त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत. पाच वर्षं सोवळं सांभाळलं, रडल्या, भांडल्या. जातीचं कोडं आधी स्वतःशी सुटलं, मग बाप्तिस्मा. कुणी घाई केली नाही, आणि केली असती तर त्यांनी ऐकली नसती.

अलीकडचं काय? फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं 'सुबोध बायबल' आलं, 2020 साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, आपल्या मराठीला थोडा मोकळा वारा लागला. 2024 साली तेही गेले. उरलेलं चित्र फारसं सुखाचं नाही. माझ्या लहानपणी नगरकडच्या उपासनेत साक्ष द्यायला उभा राहिलेला माणूस आधी आपली चूक सांगायचा, मग शंका, मग देवानं कसं सावरलं ते. आता फ्लेक्सवर आरोग्यसभेच्या तारखा असतात, आणि साक्षीत कर्ज फिटतं, व्हिसा लागतो, गुडघा बरा होतो. ज्याचा गुडघा बरा होत नाही त्याला सांगतात, तुझा विश्वास कमी पडला. याहून क्रूर वाक्य मी मंडळीत ऐकलेलं नाही. पेलागियसनं तरी एवढं कुठे म्हटलं होतं?

व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनं 1965 साली धर्मस्वातंत्र्याच्या घोषणापत्रात मान्य केलं की श्रद्धा मुक्तच असली पाहिजे. ऑगस्टीनच्या दंडुक्यापासून इथवर यायला चर्चला साडेपंधरा शतकं लागली. श्रद्धा देवाची देणगी असेल, तर ती लादणारा, विकणारा आणि तिचा गर्व करणारा, हे तिघेही सारखेच दोषी. मराठी ख्रिस्ती वाङ्मयातली मोठी माणसं या तिन्ही दोषांपासून दूर राहिली, म्हणूनच ती मोठी.

एक मागणी करून थांबतो. नीलकंठशास्त्री गोऱ्हे यांचं निवडक लेखन, 'शास्त्रतत्त्वविनिर्णया'सह, मराठी अनुवाद आणि टिपा देऊन एका खंडात निघालं पाहिजे. संस्कृत जाणणारे अभ्यासक आपल्याकडे आहेत, आणि फ्लेक्सवर जाणाऱ्या पैशात हे पुस्तक सहज छापून होईल.