आधी नदीचा तळ, मग बोट

वॉटर मेट्रोच्या बातम्यांना ठाणे, डोंबिवली, कल्याणचा वाचक आता पुरता सरावला आहे. कोलशेत, काल्हेर, मीरा-भाईंदर, डोंबिवली ही जेट्यांची नावं पाठ झाली आहेत. २०१६ च्या कायद्याने कल्याण-ठाणे-मुंबई हा १४५ किलोमीटरचा मार्ग राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ ठरला, हेही ठाऊक आहे. महानगरातल्या जलमार्गांच्या अभ्यासाचं काम कोचीच्या मेट्रो कंपनीकडे गेल्यापासून चर्चा फिरते ती बोटीभोवती. विजेवरची की डिझेलची, आसनं किती, तिकीट किती, डोंबिवलीहून ठाण्याला किती मिनिटांत. बोट ज्या पाण्यावर चालणार त्या पाण्याखाली काय आहे, हे मात्र कुणी विचारत नाही. आणि हाच प्रश्न मागे टाकून मुंबईने एका फार मोठ्या नदीवर जवळपास ४० वर्षं आगबोटी चालवल्या आहेत. ती नदी म्हणजे सिंधू.

सिंध १८४३ साली इंग्रजांनी जिंकला, १८४७ मध्ये तो मुंबई इलाख्याला जोडला गेला आणि १९३६ पर्यंत तिथेच राहिला. म्हणजे ठाणे जिल्हा ज्या इलाख्यात होता, त्याच इलाख्याच्या उत्तर टोकातून सिंधू वाहत होती. तिथल्या आगबोटींचा कारभारही इथूनच चाले. इंडस फ्लोटिला हा ताफा मुंबईच्या आरमाराचा, म्हणजे आधीच्या बॉम्बे मरीनचा. १८३० मध्ये तिचं नाव इंडियन नेव्ही झालं. कॉमेट, प्लॅनेट, मीटिओर, सॅटेलाइट अशी आकाशातली नावं या बोटींना दिली होती. लोखंडी बोटी विलायतेहून सुट्या भागांत येत, मुंबईत जोडल्या जात आणि उत्तरेला रवाना होत. या आरमाराच्या खलाशांत रत्नागिरीकडच्या मुसलमान दर्यावर्दींचा भरणा मोठा होता. बाणकोट, दाभोळच्या खाड्या पाहत वाढलेली माणसं ४८-४९ अंशांच्या उन्हाळ्यात सक्करच्या घाटाला बोट लावत होती. आपल्या दर्यावर्दी इतिहासात या माणसांचा साधा उल्लेखही सापडत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सुरुवात उत्साहात झाली. १८३१ मध्ये अलेक्झांडर बर्न्स विलायतेच्या राजाने पाठवलेले घोडे नावांवर चढवून सिंधू आणि रावीतून लाहोरला रणजितसिंहांकडे गेला. घोडे हे निमित्त, खरं काम नदी पाहण्याचं. परतल्यावर त्याने नदी व्यापाराला खुली असल्याचं मोठं आशादायक चित्र रंगवलं. पुढच्याच वर्षी सिंधच्या तालपूर अमीरांशी तह झाला. ३१ ऑक्टोबर १८३५ ला मुंबईतले इराणी व्यापारी आगा महंमद रहीम यांची ‘इंडस’ ही आगबोट घेऊन लेफ्टनंट जॉन वुड नदीत शिरला. सिंधूवरची ती पहिली आगबोट. वुड पुढे ऑक्ससच्या उगमापर्यंत गेला म्हणून प्रसिद्ध आहे. माझ्या लेखी त्याचं मोठं काम याआधीचं आहे. त्याने नदी मोजली. प्रवाह, खोली, गाळ, पुराची चढउतार असं सगळं नोंदवलं आणि या नदीचा नकाशा फार काळ खरा राहत नाही हे सांगितलं. आज जिथे खोल पाणी, तिथे पुढच्या हंगामात वाळूचा दांडा. बर्न्सचं चित्र सरकारला आवडलं. वुडच्या मोजमापातून जो इशारा निघत होता तो कागदावर राहिला. समुद्रावर किंवा इतर नद्यांवर चालणाऱ्या घडणीच्या बोटी सिंधूत आणल्या गेल्या आणि त्या रुतत राहिल्या. नदीच्या मुखाशी तर वाळूचे बांध इतके, की समुद्रातल्या मोठ्या जहाजांना कराचीच गाठावी लागे.

या बोटींचा दिवस कसा जाई, ते पाहण्यासारखं आहे. उजाडायच्या आत आगवाले भट्टी पेटवत. इंधन कोळशाचं नव्हे, लाकडाचं. तालपूर अमीरांनी शिकारीसाठी नदीकाठी राखलेली जंगलं, शिकारगाहा, इंग्रजांच्या हाती आली. सिंध जिंकणाऱ्या नेपियरच्या काळात त्यांच्या देखभालीसाठी वनखातं उभं राहिलं, त्याचं एक मोठं कारण आगबोटींची भूक. काठावर ठरावीक ठिकाणी बाभळीच्या आणि झाऊच्या लाकडाच्या थप्प्या रचलेल्या असत. बोट लागली की फळी टाकायची आणि माणसांनी डोक्यावरून मोळ्या आत न्यायच्या. लाकूड जागा फार खातं आणि लवकर जळतं, म्हणून बोट दिवसभर चालली तरी तिचा जीव पुढच्या थप्पीत अडकलेला.

बॉयलरमध्ये पाणी नदीचंच. सिंधूचं पाणी म्हणजे पातळ चिखल. तो गाळ बॉयलरच्या तळाशी बसे, त्या थरामुळे पाण्याचा आणि पत्र्याचा संबंध तुटे, पत्रा नको इतका तापे. मग भट्टी विझवून, बॉयलर रिकामा करून, आत शिरून माणसांनी तो खरवडून काढायचा. वाफेच्या युगाची चित्रं आपण पाहतो ती धुरांड्यांची आणि फिरत्या चाकांची. खरवडणाऱ्या माणसाचं चित्र कुणी काढलं नाही.

सगळ्यात महत्त्वाची जागा मात्र इंजिनाजवळ नव्हती. ती नाळेवर होती. तिथे खुणा केलेला लांब बांबू घेऊन माणूस उभा राही, तो पाण्यात टेकवी आणि खोली ओरडून सांगे. पाणी उतरत चाललं की यंत्र मंद. त्याच्याशेजारी वाट दाखवणारा स्थानिक नावाडी, बहुतेकदा मोहाणा जमातीतला. त्याच्याकडे नकाशा नसे. पाण्यावरची सुरकुती, रंगातला फरक, काठाची ताजी ढासळलेली दरड यांवरून तो प्रवाहाची आजची वाट ओळखी. तरी बोट रुतेच. मग होडीने नांगर पुढे नेऊन टाकायचा आणि त्याचा दोर गुंडाळत बोट स्वतःला इंचाइंचाने ओढून घेई. कधी तास, कधी दिवस. अंधार पडला की प्रवास बंद, बोट काठाला बांधायची. वेळापत्रक कलकत्त्याच्या किंवा मुंबईच्या कचेरीत छापलं जात असेल, नदीवर ते त्या बांबूवाल्याच्या हाती होतं.

या ताफ्याने लढायाही पाहिल्या. १५ फेब्रुवारी १८४३ ला सिंधमधल्या हैदराबादच्या रेसिडेन्सीवर हल्ला झाला तेव्हा इंग्रज अधिकारी आउट्रम आणि त्याची माणसं प्लॅनेट आणि सॅटेलाइट या बोटींवर चढून निसटली. मुलतानच्या वेढ्यातही ताफ्याची माणसं होती. तो भाग इतिहासाच्या पुस्तकांत भरपूर आहे.

मला थांबायचं आहे ते अर्देशीर कर्सेटजी वाडिया यांच्यापाशी. मुंबईच्या गोदीत पिढ्यान् पिढ्या जहाजं बांधणाऱ्या वाडियांच्या घरातले. १८३३ मध्ये, पंचविशीत, त्यांनी ६० टनांची एक छोटी आगबोट बांधून पाण्यात सोडली. तिचंही नाव ‘इंडस’. १८३४ मध्ये माझगावचा आपला बंगला गॅसच्या दिव्यांनी उजळला. विलायतेत जाऊन यंत्रविद्या शिकले आणि मे १८४१ मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो म्हणून निवडले गेले. हा मान मिळालेले ते पहिले भारतीय. दुसरे रामानुजन, तेही १९१८ मध्ये. त्याच १८४१ च्या एप्रिलपासून ते मुंबईच्या स्टीम फॅक्टरीचे मुख्य अभियंता झाले. पगार महिना ६०० रुपये. हाताखाली चार युरोपीय फोरमन, शंभरेक युरोपीय इंजिनिअर आणि बॉयलर कारागीर, शिवाय २०० च्या आसपास देशी कारागीर. एका देशी माणसाने गोऱ्या कामगारांवर हुकूम चालवायचा, हे तेव्हाच्या मुंबईतल्या इंग्रजी वृत्तपत्राला मानवलं नाही आणि त्याने तसं लिहिलंही. अर्देशीर १८५७ पर्यंत त्या जागेवर राहिले. आणि निवृत्तीनंतर, पन्नाशी उलटल्यावर, १८६१ मध्ये त्यांनी काम स्वीकारलं ते सिंधूकाठच्या कोटरीचं, नदीवर आगबोटी चालवणाऱ्या इंडस फ्लोटिला कंपनीच्या यंत्रांची देखरेख करण्याचं. १८६३ पर्यंत ते तिथे होते.

त्यांच्या तेव्हा कोटरीला जाण्याला माझ्या दृष्टीने मोठा अर्थ आहे. कराची ते कोटरी रेल्वे १३ मे १८६१ ला सुरू झाली होती. माल कराचीला उतरायचा, रेल्वेने कोटरीला यायचा आणि तिथून आगबोटीने मुलतानकडे जायचा. रेल्वे ठरल्या वेळी चाले, बोट नदीच्या मर्जीने. या दोन वेगांच्या सांध्यावर देशातला सगळ्यात जाणता यंत्रज्ञ बसवला गेला. पण दुखणं यंत्रात नव्हतंच. उत्तम बॉयलर आणि उत्तम अभियंता असूनही ताफ्याला ठरल्या वेळी पोचता येईना, कारण नदीच्या तळासाठी कुणी अभियंता नेमला नव्हता. खोली रोज मोजणारी, खुणा रोज हलवणारी, वाटाड्यांना पगारावर ठेवून त्यांचं ज्ञान नोंदवणारी पक्की व्यवस्था हवी होती, आणि सगळा पैसा नव्या बोटींच्या घडणीत गेला. उथळ पाण्यासाठी जोडतराफ्यांची आगगाडीसारखी रांगसुद्धा करून पाहिली. तीही फसली.

दरम्यान पंजाबच्या रेल्वेचं सामान नदीनेच वर जात होतं. अमृतसर-लाहोर मार्गासाठी आलेलं इंजिन लाहोरच्या रस्त्यांतून बैल आणि हत्ती लावून ओढत न्यावं लागलं. ज्या रेल्वेने आगबोटींचा धंदा बसवला, तिचं लोखंड आगबोटींनीच वाहिलं. १८७८ मध्ये कोटरी-मुलतान रेल्वे झाली आणि काही वर्षांत ताफा मोडीत निघाला. मोहाण्यांच्या लाकडी नावा मात्र नंतरही चालत राहिल्या.

या गोष्टीचा कल्याणशी संबंध इलाख्यापुरता नाही. १९४७ नंतर सिंधमधून जहाजांनी मुंबईला उतरलेल्या हजारो कुटुंबांना कल्याणच्या लष्करी छावणीत जागा मिळाली. १९४९ च्या ऑगस्टमध्ये त्या वस्तीचं उल्हासनगर झालं, उल्हास नदीवरून. आजही तिथे सिंधी लोकांच्या चालिहो व्रताचे ४० दिवस पाळले जातात ते सिंधूला पूर येण्याच्या मोसमातच, आणि त्यांचे देव झुलेलाल बसतात पल्ला माशावर. नदीचं चढणं-उतरणं ज्यांच्या पंचांगात आहे, असे लोक आपल्या जलमार्गाच्या काठावर राहतात.

आता उल्हासकडे येऊ. कोचीचं नाव घेऊन जे स्वप्न दाखवलं जातं, त्यात एक आकडा कायम गळतो. कोचीला भरती-ओहोटीतला फरक जेमतेम मीटरभर. आपल्या किनाऱ्यावर उधाणाला तो पाच मीटरच्या जवळ जातो. भरतीला जेटीला टेकलेली बोट ओहोटीला कितीतरी खाली, आणि मधे चिखल. म्हणून तरंगत्या जेट्या हव्यात आणि त्यांच्यापर्यंत ओहोटीतही पुरेल इतकी खोल वाट हवी. वर कल्याणकडे भरतीचा जोर कमी होतो, पण गाळ आणि सांडपाणी वाढतं. मोहनेच्या बाजूला जलपर्णीचा गालिचा पसरतो, जो पंख्यात अडकला की बोट जागीच उभी. आणि सक्शन पंपांचा रेतीउपसा. जिल्हा प्रशासन धाडी टाकतं, पंप जाळतं, नष्ट करतं, पुन्हा नवे येतात. रेती उपसली की खोली वाढते, मग बोटींना बरंच, असं काहींना वाटतं. तसं होत नाही. एका जागी खड्डा होतो, दुसरीकडे उंचवटा, कडा ढासळतात आणि वाट सरकते. सिंधूने वाट बदलली ती स्वभावाने, आपण उल्हासला ती बदलायला लावतो.

गाळ काढण्याचं कंत्राट दर वेळी निघेल, त्यात शंका नाही. पण पावसाळ्यात डोंगरावरून उतरलेला गाळ एका उन्हाळ्याचं काम पुसून टाकतो. एकदाच केलेलं सर्वेक्षण दोन पावसाळ्यांनी निकामी होतं. मुंब्रा, कोपर, मोठागाव, काल्हेर, घोडबंदर इथे पिढ्यान् पिढ्या होड्या घालणारे कोळी आणि आगरी आहेत. कुठल्या भरतीला कुठून जायचं हे त्यांना ठाऊक आहे. या प्रकल्पात त्यांच्या वाट्याला आजवर मासेमारीचं नुकसान आणि भरपाईचे अर्ज एवढंच आलं. त्यांना पगारी वाटाडे म्हणून का घेऊ नये? बोट खरेदीच्या निविदेआधी यांच्या नेमणुकीची जाहिरात निघाली, तर मी या योजनेवर विश्वास ठेवायला तयार आहे.

दुसरी मागणी सोपी आहे आणि तिला बोटीच्या एका आसनाइतकाही खर्च नाही. प्रत्येक नियोजित जेटीजवळची खोली महिन्यातून दोनदा, ओहोटीच्या तळाला मोजावी आणि ते आकडे लोकांसमोर ठेवावेत. पाऊस संपल्या संपल्या मोठागावपासून सुरुवात करता येईल. तिथल्या माणकोली पुलावरून रोज हजारो वाहनं जातात. खाली किती पाणी आहे हे त्यांतल्या प्रवाशांनाही कळू द्या.