बर्फात पाय का गोठत नाहीत?

जपान, नॉर्वे किंवा कॅनडासारख्या देशांत रात्रभर हिम पडले की सकाळी अंगणात एक गमतीचे दृश्य दिसते. दार उघडताच कुत्रा बाहेर झेपावतो, हिमात लोळतो, नाकाने ते उधळतो. मांजर उंबऱ्यापर्यंत येते, एक पाय हिमावर टेकवते, तो झटकते आणि बहुधा मागे फिरते.

कुत्र्याच्या अंगावर केसांचे पांघरूण असते, हे खरे. पण पंजाच्या गाद्यांवर केस नसतात. शरीराचे तापमान सुमारे ३८.५ अंश सेल्सिअस आणि पायाखालचे हिम शून्याच्याही खाली. मग हे पाय गोठत का नाहीत? आणि पायांतून उष्णता निघून जाऊन सारे शरीरच थंड का पडत नाही?

हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांच्या मागण्या परस्परविरोधी आहेत. पाय गोठू नयेत म्हणून तेथे गरम रक्त पोचायला हवे; शरीर थंड पडू नये म्हणून उष्णता तेथे जाता कामा नये.

उलट्या दिशांचे प्रवाह

टोकियोच्या यामाझाकी गाकुएन विद्यापीठातील हिरोयोशी निनोमिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली कुत्र्याच्या पंजातील रक्तवाहिन्या तपासल्या. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसले, की गादीत धमन्या व शिरा एकमेकींना अगदी लगटून असतात. धमनीतले गरम रक्त खाली जाताना शेजारच्या शिरेतून वर येणाऱ्या थंड रक्ताला उष्णता देते. ती उष्णता जमिनीत न जाता शरीरात परत येते.

येथे प्रवाहांच्या दिशा महत्त्वाच्या आहेत. समजा, एका नळीत ३८ अंशांचे व शेजारच्या नळीत २ अंशांचे तेवढेच पाणी एकाच दिशेने वाहत आहे. दोन्ही पाणी २० अंशांवर आले की देवघेव थांबेल; म्हणजे फार तर निम्मा फरक भरून निघेल. प्रवाह उलट दिशांनी असतील, तर थंड होत जाणाऱ्या पाण्याला प्रत्येक टप्प्यावर आपल्याहून थंड पाणी भेटत राहते आणि निम्म्याहून बरीच जास्त उष्णता परत मिळवता येते. याला प्रतिप्रवाही उष्णता-विनिमय म्हणतात. दुग्धशाळेत तापवलेल्या दुधाच्या उष्णतेने नवे थंड दूध कोमट करून घेतात, तेही याच तत्त्वावर.

यामुळे पाय उबदार राहतो असे मात्र नाही. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लांडगा व ध्रुवीय कोल्हा यांचा पाय उणे ३५ अंशांच्या द्रवात ठेवला गेला. गादीचे तापमान उतरत उतरत सुमारे उणे १ अंशाजवळ, म्हणजे ऊती गोठण्याच्या जरा वर, स्थिरावले. गोठण्यापासून वाचण्यापुरतीच उष्णता शरीर पायासाठी खर्च करते.

मग मांजर?

पहिले कारण आकाराचे. १० सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६०० चौरस सेंटिमीटर व घनफळ १,००० घन सेंटिमीटर, गुणोत्तर ०.६. बाजू २० सेंटिमीटर केली तर तेच ०.३ होते. चार किलोच्या मांजराला पंचवीस किलोच्या कुत्र्यापेक्षा दर किलोमागे जास्त उष्णता गमवावी लागते. दुसरे कारण वंशाचे. कुत्रा करड्या लांडग्याचा वंशज; मांजराचा पूर्वज उत्तर आफ्रिका व पश्चिम आशियातील रानमांजर.

तरीही ‘कुत्र्याला बर्फ सोसतो, मांजराला नाही’ असा नियम करणे चूक ठरेल. दाट केसांचे नॉर्वेजियन फॉरेस्ट जातीचे मांजर हिमात मजेत हिंडते, तर आखूड केसांचा छोटा चिहुआहुआ काही मिनिटांत कुडकुडू लागतो. खेळ चालू असतो तोवर स्नायूंतून भरपूर उष्णता निर्माण होते. खेळ थांबला, त्यातही अंग भिजलेले असले, की जमेपेक्षा खर्च वाढतो. पाय उचलून धरणे व थरथरणे या खुणा दिसताच प्राण्याला घरात घ्यावे लागते.

वर्गात करून पाहा

सारख्या तीन बाटल्यांत सारखेच गरम पाणी भरा. एक उघडी ठेवा, दुसरीवर लोकरीचा कोरडा तुकडा गुंडाळा, तिसरीवर तसाच पण भिजवलेला. दर पाच मिनिटांनी तापमान नोंदवून आलेख काढा. उष्णता अडवण्याचे काम लोकरीपेक्षा तिच्यात अडकलेली हवा करते, हे विद्यार्थ्यांच्याच लक्षात येईल. हिमात खेळणाऱ्या जाड केसांच्या कुत्र्याच्या पाठीवरचे हिम लवकर वितळत नाही, ते याच हवेमुळे.

पुण्या-मुंबईत आज सैबेरियन हस्की हौसेने पाळले जातात. त्यांच्या केसांतली हवा एप्रिल-मेमध्येही तेच काम करते: आतली उष्णता बाहेर जाऊ देत नाही. कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही. धापा टाकणे हाच त्याचा मुख्य उपाय, आणि दमट हवेत तोही तोकडा पडतो. ज्या शरीराने हिमात निर्धास्त खेळावे, त्याला येथे भर दुपारी फिरायला नेणे जिवावर बेतू शकते. हिमाचा धडा आपल्याकडे उन्हाळ्यात उपयोगी पडावा, तो असा.