इंजिन बदलले, पण गाडी चावी ओळखेना

मोटार दुरुस्ती आणि जुन्या सुट्या भागांच्या धंद्यात आपल्या बांधवांचे हात फार पूर्वीपासून गुंतलेले आहेत. वडिलांनी अँबॅसडर आणि पद्मिनी उघडल्या, मुले आज स्विफ्ट आणि व्हिस्टा उघडत आहेत. काम मात्र तेच राहिलेले नाही. पूर्वी भंगारातून इंजिन आणले, बसवले, डिझेलमधली हवा काढली की गाडी सुरू होत असे. आता सारे नीट बसवूनही सेल्फ नुसता फिरत राहतो, किंवा गाडी दोन सेकंद चालून बंद पडते. गिऱ्हाईक पैसे अडवते, भंगारवाला इंजिन परत घेत नाही आणि मिस्त्रीचा आठवडा फुकट जातो.

यामागे पुष्कळदा इमोबिलायझर असतो. चावीच्या मुठीत बारीक चिप असते. तिला स्वतःची बॅटरी लागत नाही. इग्निशनच्या कुलपाभोवती जी कडी असते तिच्याकडून तिला शक्ती मिळते आणि ती आपला संकेत कळवते. संकेत जुळला तरच ईसीएम इंजेक्टरांना डिझेल सोडण्याचा हुकूम देतो. युरोपीय संघात ऑक्टोबर १९९८ पासून नव्या मोटारींना हे यंत्र सक्तीचे झाले. तिकडच्या जुन्या यांत्रिक पंपाच्या डिझेल गाड्यांत चोर पंपावरील सोलेनॉइडला बॅटरीची वायर थेट जोडून गाडी पळवीत. म्हणून काही कंपन्यांनी त्या सोलेनॉइडवर पोलादी टोपी चढवून आत सांकेतिक कुलूप घातले. अशा गाडीत दुसऱ्या गाडीचा पंप आला की परके कुलूपही बरोबर येई.

कॉमन रेल इंजिनात तसे नाही. कुलूप इंजिनात नसते, ईसीएममध्ये असते. आमच्या मते सगळा उलगडा येथेच आहे. इंजिनाचे लोखंड बदला. गाडीचा मूळ ईसीएम, मूळ वायरिंग आणि मूळ चावी जागच्या जागी ठेवा. इंजिन बदलल्याचे इमोबिलायझरला कळतही नाही. घोटाळा होतो तो ‘फुल इंजिन’ ईसीएमसकट आणून जसेच्या तसे जोडल्यामुळे. नव्या ईसीएमला आपली चावी परकी वाटते.

आपल्याकडचे ठळक उदाहरण १.३ लिटर मल्टिजेटचे. फियाटचे हे इंजिन मारुतीने स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, अर्टिगाला आणि टाटांनी व्हिस्टा, मांझाला बसवले. २०२० मध्ये बीएस-६ नियमांबरोबर ते आपल्या देशात बंद झाले. गाड्या मात्र रस्त्यावर भरपूर आहेत. तेल वेळेवर न बदलल्याने टायमिंग चेन ढिली पडून इंजिन बसले, की मालक जुने इंजिन शोधू लागतो. पण इंजिन एकच म्हणून सर्व सारखे असे समजू नये. स्विफ्टचे ७५ अश्वशक्तीचे आणि अर्टिगाचे ९० चे यांचा टर्बोच निराळा. एकाचा ईसीएम दुसऱ्या इंजिनावर नीट चालणार नाही. शिवाय इंजेक्टरांवर संकेतांक छापलेले असतात. शक्यतो आपलेच जुने इंजेक्टर, चांगले असतील तर, नव्या इंजिनावर चढवावेत. नाहीतर नवे संकेतांक स्कॅनरने ईसीएममध्ये भरावेत. हे न केल्यास गाडी सुरू होईल, पण धूर टाकेल आणि खडखडेल.

ईसीएमच जळाला असेल तर एकाच गाडीतला पूर्ण संच घ्यावा: ईसीएम, इमोबिलायझरचा डबा आणि चिपवाली चावी. नाहीतर कंपनीच्या अधिकृत केंद्रातून जुळवणी करून घ्यावी. त्या वेळी बॅटरीला चार्जर लावलेला असावा; मध्येच दाब पडला तर ईसीएम कायमचा निकामी होण्याची भीती असते. इमोबिलायझर सॉफ्टवेअरमधून उडवून देणारेही बाजारात आहेत. आम्ही तो सल्ला देणार नाही. ती गाडी उद्या चोरीस गेली तर गिऱ्हाईक कोणाच्या दारात येईल, हे सांगायला नको.

आणि प्रत्येक वेळी इमोबिलायझरवर खापर फोडू नये. चावी फिरवल्यावर फलकावरचा चावीचा दिवा लुकलुकत राहिला तर शंका रास्त. दिवा वेळेवर विझत असेल तर आधी इंजिन ते बॉडीची अर्थिंग पट्टी, क्रँक सेन्सरचा प्लग आणि डिझेल लाइनमधील हवा पाहावी. इंजिन उतरवताना हा प्लग तुटणे आणि चढवताना ती पट्टी विसरणे, दोन्ही नेहमीचे आहे.

आता कागदांविषयी. इंजिनाचा नंबर आरसी पुस्तकात असतो, तो बदलतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची आधी परवानगी आणि काम झाल्यावर १४ दिवसांत कळवणे आवश्यक आहे. गाडीवर कर्ज असेल तर वित्तसंस्थेची लेखी संमती घ्यावी. इंजिन विकणाऱ्याकडून बिल घ्यावे. त्यावर इंजिन नंबर आणि ज्या गाडीतून ते काढले तिचा चॅसिस नंबर लिहून घ्यावा. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. मेरठचा सोतीगंज बाजार चोरीच्या गाड्यांच्या भागांसाठी बदनाम झाला आणि डिसेंबर २०२१ मध्ये पोलिसांनी बंद केला. अशा वेळी प्रामाणिक दुकानदाराला वाचवील असा कागदच त्याच्याजवळ असावा लागतो.

विकणाऱ्या बांधवांनाही एक सांगणे. बाजारातील धान्याच्या राशीत हात घालून आतला ओलावा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाहेर काढला, तो प्रसंग आपण सर्व जाणतो. इंजिन किती चालले, पाण्यात बुडालेल्या गाडीतले आहे काय, ईसीएमबरोबर चावी आहे की नाही, हे विचारण्यापूर्वीच सांगावे आणि बिलावर लिहावे.

मिस्त्रींनी जुने इंजिन उतरवण्याआधी गिऱ्हाइकाच्या सगळ्या चाव्या मागवून लावून पाहाव्यात, स्कॅनरमधले दोष कागदावर उतरवून त्यावर त्याची सही घ्यावी, मगच बॅटरीची तार सोडावी. यास अर्धा तासही लागत नाही.