तोंडी परीक्षा आणि गुणवत्तेचे माप

राखीव जागांविषयीचा वाद वर्षानुवर्षे प्रवेशाच्या दारातच अडकून पडला आहे. कट-ऑफ किती खाली आला, कोणाची जागा कोणी घेतली, यावर वर्तमानपत्रांचे रकाने भरतात. दार ओलांडून आत गेलेल्या मुलाचे पुढे काय होते, तो शिकला की नाही हे कोण ठरवतो आणि कोणत्या मापाने ठरवतो, याची चर्चा आपल्या व्यासपीठांवरही फारशी होत नाही. वैद्यकीय शिक्षणाच्या बाबतीत तर हा तज्ज्ञांचा प्रांत म्हणून आपण तो सोडूनच दिला आहे. मी शरीरक्रियाशास्त्र शिकवतो, वारज्याला राहतो, आणि दर वर्षी आपली मुले या परीक्षांना सामोरी जाताना पाहतो. या विषयावर जगभर बरेच संशोधन झाले आहे. ते आपल्या कार्यकर्त्यांना, विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना माहीत असले पाहिजे, एवढ्यासाठी हा लेख.

हा प्रश्न आपल्याला परका नाही. १९२७ साली मुंबई कायदेमंडळात विद्यापीठाच्या कायद्यावर बोलताना बाबासाहेबांनी शिक्षण आणि परीक्षा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे स्पष्ट केले होते. दर्जा उंचावण्याच्या नावाखाली परीक्षा इतक्या कठीण केल्या जातात की मागासलेले समाज विद्यापीठाबाहेरच राहतात, असा त्यांचा आक्षेप होता. आज आपली मुले विद्यापीठात पोहोचली आहेत. पण परीक्षा नेमके काय मोजते, हा प्रश्न तसाच उभा आहे.

एम. बी. बी. एस.च्या परीक्षेचे दोन भाग असतात. एक लेखी, दुसरा प्रात्यक्षिक आणि तोंडी. १९९८ साली नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले आणि राज्यातली वैद्यकीय महाविद्यालये त्याच्या कक्षेत आली. लेखी उत्तरपत्रिकेवर नावाऐवजी क्रमांक असतो, तपासणाऱ्याला मुलाची जात दिसत नाही. तोंडी परीक्षेत मात्र असा पडदा नाही. तिथे परीक्षकासमोर आडनाव असते, उच्चार असतो, इस्त्री नसलेला ॲप्रन असतो, अडखळणारे इंग्रजी असते. माझ्या विद्यार्थिदशेत एका परीक्षकाने आडनाव ऐकून गाव विचारले, गाव सांगितल्यावर गावातले घर कोणत्या बाजूला हे विचारले, आणि त्यानंतर हृदयाच्या ठोक्यांविषयी एकच प्रश्न विचारून मला उठवले.

अशी गोष्ट एकट्याने सांगितली की तिला 'तुझा समज' म्हणतात. म्हणून थोरात समितीचे महत्त्व. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील भेदभावाच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी २००६ साली प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. २००७ साली तिचा अहवाल आला. शिक्षक टाळतात, तोंडी परीक्षेत प्रत्यक्ष वा आडवळणाने जात विचारली जाते, इतरांच्या मानाने वेळ कमी मिळतो, अशी अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांची साक्ष त्यात नोंदली गेली. संस्थेने अहवाल नाकारला. पण एकेकट्याचा समज म्हणून उडवून लावल्या जाणाऱ्या गोष्टी त्यामुळे कागदावर एकत्र आल्या.

आता जातीचा मुद्दा क्षणभर बाजूला ठेवू आणि केवळ माप म्हणून या परीक्षेकडे पाहू. बाजारातल्या भाजीवाल्याच्या काट्यालाही सरकारी शिक्का लागतो. एकच जुडी दोनदा तोलली तर वजन तेच यावे, एवढी आपली अपेक्षा असते. अमेरिकेत डॉक्टरांची राष्ट्रीय परीक्षा घेणाऱ्या मंडळाने १९६०च्या सुमारास आपल्या काट्याची अशी तपासणी केली. रोग्याच्या खाटेपाशी एकाच उमेदवाराची परीक्षा घेणाऱ्या दोन परीक्षकांचे गुण किती जुळतात, हे त्यांनी हजारो उमेदवारांच्या बाबतीत पाहिले. पूर्ण मेळ म्हणजे एक आणि काहीच मेळ नाही म्हणजे शून्य, असे धरले तर उत्तर जेमतेम पाव आले. म्हणजे उमेदवाराच्या गुणांत त्याच्या ज्ञानापेक्षा परीक्षक कोण मिळाला याचाच वाटा मोठा. मंडळाने ती परीक्षा बंद केली. तिथे जात नव्हती, तरी काटा हलत होता. जिथे जात आहे, तिथे तो कोणत्या बाजूला झुकेल, हे सांगायला संशोधकाची गरज नाही.

परीक्षक बदलल्याने निकाल बदलतो, तसा रोगी बदलल्यानेही बदलतो. एका मुलाला हृदयाचा रोगी मिळतो, दुसऱ्याला यकृताचा. एका विषयात तरबेज असलेला दुसऱ्यात अडखळू शकतो. म्हणून एकाच रोग्यावरून, एकाच परीक्षकाने, एका बैठकीत दिलेला निकाल भरवशाचा नसतो. अनेक प्रसंग, अनेक परीक्षक आणि पुरेसा वेळ असेल तरच तो भरवशाचा होतो. एवढे या क्षेत्रातल्या संशोधनातून पक्के झाले आहे.

यावर स्कॉटलंडमधल्या डंडी येथील रोनाल्ड हार्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली एक पद्धत मांडली. आपल्याकडे ती 'ऑस्की' या आद्याक्षरी नावाने ओळखली जाते. एका दालनात अनेक टेबले मांडायची. प्रत्येकावर एक ठरलेले काम: नाडी पाहणे, क्ष-किरण चित्र वाचणे, रोग्याला औषध समजावून सांगणे. प्रत्येक टेबलावर वेगळा परीक्षक. काय केल्यास किती गुण, ही यादी आधी लिहून ठेवलेली. घंटा वाजली की सगळे पुढच्या टेबलावर सरकतात. सर्वांना तीच कामे, तेवढाच वेळ. एखादा परीक्षक आकसाने वागला तरी त्याचा हात एका टेबलापुरताच पोहोचतो.

या पद्धतीला मर्यादा आहेत. याद्या पाठ करून गुण मिळवता येतात. अमेरिकेतले वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९९० साली शिकण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या: माहीत असणे, कसे करायचे ते माहीत असणे, करून दाखवणे, आणि रोजच्या कामात प्रत्यक्ष करणे. ऑस्की तिसऱ्या पायरीपर्यंत जाते. चौथीसाठी वॉर्डात मुलाला काम करताना पुन्हा पुन्हा पाहावे लागते.

या परीक्षेत आपली माणसे खाटेच्या दोन्ही बाजूंना असतात, हेही विसरता कामा नये. सरकारी रुग्णालयात परीक्षेसाठी जो रोगी निवडला जातो, तो बहुधा गरीब असतो. वाढलेली प्लीहा किंवा हृदयाचा वेगळा आवाज हेच त्याचे महत्त्व. दिवसभर मुले त्याचे पोट दाबतात. हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३ साली अमेरिकेत साध्या माणसांना रोग्याची भूमिका शिकवून परीक्षेला बसवले. त्यात रोग्याची ही ओढाताण वाचते आणि सर्वांना सारखाच रोगी मिळतो.

पण सगळा दोष परीक्षकावर टाकून आपली सुटका होणार नाही. ब्रिटनमध्ये गोरेतर विद्यार्थी आणि डॉक्टर परीक्षांत मागे का पडतात, याचा अभ्यास झाला आहे. २०११ साली अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या पाहणीत ही तफावत, परीक्षकाला चेहरा न दिसता यंत्रावर तपासल्या जाणाऱ्या लेखी परीक्षांतही आढळली. म्हणजे पूर्वग्रह केवळ परीक्षेच्या खोलीत नसतो. तो वर्षभर वर्गात, वॉर्डात, वसतिगृहात काम करतो. कोणाला शिक्षक नावाने ओळखतात, कोणाला शंका विचारायची भीती वाटते, यावर शिकणे ठरते.

म्हणून परीक्षेने मोजण्यापेक्षा शिकवण्याचे काम केले पाहिजे. २००६ साली रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर एक साधा प्रयोग केला. एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवले, आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. पुढे निवासी डॉक्टरांवर झालेल्या प्रयोगातही चाचण्या देणाऱ्यांचे ज्ञान अधिक टिकले. याला महागडा क्लास लागत नाही. वही झाकून लिहायचे, आणि कोठे चुकले ते कोणी तरी सांगायचे. डॉक्टरांच्या घरातल्या मुलाला हे सांगणारा जेवणाच्या ताटावर भेटतो. आपल्या मुलाला तो महाविद्यालयानेच द्यायला हवा.

२०१९ साली देशात क्षमतेवर आधारलेला नवा अभ्यासक्रम सुरू झाला. त्यात वर्षभराच्या मूल्यमापनावर, संवादकौशल्यावर आणि नोंदवहीवर भर आहे. कागदावर हे सारे स्वागतार्ह आहे. परंतु विद्यापीठाच्या परीक्षेला बसण्याची पात्रताही या अंतर्गत मूल्यमापनावर ठरते, म्हणजे महाविद्यालयातल्या शिक्षकाच्या हातातली सत्ता वाढली. नोंदवहीवरची सही ही शिकल्याची खूण ठरेल की मर्जीची, हे पाहत राहावे लागेल.

वारज्यात माळवाडीच्या बाजूला एका समाजमंदिरात काही रविवारी आम्ही आमच्यापुरता एक प्रयत्न करतो. शहरातल्या वेगवेगळ्या वैद्यकीय महाविद्यालयांतली मुले जमतात. सहा टेबले, प्रत्येकी पाच मिनिटे. ताटलीवर चमचा वाजला की पुढे सरकायचे. रक्तदाबाच्या टेबलावर यादी असते: पट्टा दंडाच्या मापाचा घेतला का, हात हृदयाच्या पातळीवर ठेवला का, आधी नाडीवर बोट ठेवून अंदाज घेतला का. वस्तीतल्या घरकाम करणाऱ्या बाया रोगी होतात. धाप लागल्याची हकीकत त्यांना आधी समजावून दिलेली असते. शेवटी त्याही मत देतात. एक मावशी म्हणाल्या, "पोरानं समदं बराबर इचारलं, पर मला दम खायाला येळ न्हाई दिला." ते वाक्य त्या मुलाने वहीत उतरवून घेतले.

समाजमंदिरातल्या सहा टेबलांनी विद्यापीठ बदलणार नाही. म्हणून काही मागण्या संघटनांनी लावून धरल्या पाहिजेत. तोंडी परीक्षेचे प्रश्न आणि त्यांचे गुण आधी लिहिलेले असावेत, चिठ्ठी उचलून प्रश्न मिळावा. दोन परीक्षकांनी आपसांत न बोलता स्वतंत्र गुण द्यावेत. परीक्षकाच्या हातातल्या यादीत आडनाव नसावे. प्रत्येक चाचणीनंतर मुलाला त्याची चूक समजावून सांगण्याचे बंधन शिक्षकावर असावे. आणि लेखी व तोंडी परीक्षांचे निकाल प्रवर्गनिहाय, वेगवेगळे, दर वर्षी प्रसिद्ध व्हावेत. लेखी परीक्षेत बरोबरीने असलेली मुले तोंडी परीक्षेतच मागे पडत असतील, तर ते त्या आकड्यांतून दिसेल.

गुणवत्ता हा शब्द आपल्या मुलांच्या तोंडावर फेकला जातो, तेव्हा ती कोणत्या काट्यावर तोलली आणि त्या काट्याची तपासणी शेवटची कधी झाली, एवढे विचारायला आपण शिकले पाहिजे.