गॅस गिझरची दुरुस्ती : काटकसर कुठे करावी, कुठे नाही

थंडी पडू लागली की ज्येष्ठांना आंघोळीसाठी कढत पाणी हवे असते, आणि नेमका त्याच दिवसांत गॅस गिझर रुसतो. तो पेटेनासा झाल्यास कारागिराला बोलावण्यापूर्वी आतील सेल बदलून पाहा. पुष्कळदा दोष तेवढाच असतो. बर्नर साफ करणे हेही फार खर्चाचे काम नाही. पाणी तापवणाऱ्या तांब्याच्या नळ्या गळू लागल्यास मात्र खर्चाचा अंदाज आधी लेखी मागावा. तो नव्या गिझरच्या निम्म्या किमतीपलीकडे गेला, तर नवा घेणेच हिताचे.

एका बाबतीत काटकसर नको. ज्योत पिवळी दिसली किंवा काजळी धरली, तर गिझर तत्काळ बंद करून तपासून घ्यावा. अपुऱ्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो; त्याला ना रंग, ना वास. डोकेदुखी, मळमळ, भोवळ ही त्याची लक्षणे वृद्धांच्या बाबतीत अशक्तपणा समजून दुर्लक्षिली जातात. असे जाणवताच त्यांना मोकळ्या हवेत आणून विनाविलंब रुग्णालयात न्यावे.

गिझर न्हाणीघरात असेल, तर तो बाहेर हवेशीर जागी बसवून घ्या. हा खर्च पुढच्या हिवाळ्यावर ढकलू नका.