व्हिसा एकाचा, संसार दोघांचा

चंद्रपूर-गडचिरोलीच्या व्यापारी घरांत पूर्वी मुलाच्या भवितव्याचा प्रश्न दुकानाच्या गादीपाशीच सुटत असे. मूल, नागभीड, ब्रह्मपुरीकडील राइस मिल, वडशाच्या बाजारातील आडत, चंद्रपूरचे सराफी वा कापडाचे दुकान, यांपैकी जे घरचे असेल ते पुढे चालवायचे, एवढेच ठरत असे. आता त्याच घरांतील मुलगा संगणक अभियंता असतो, सून औषधनिर्माणशास्त्राची पदवीधर किंवा सनदी लेखापाल असते आणि विवाहाच्या बोलणीत परदेशातील नोकरीचा विषय निघतो. पगार किती, शहर कोणते, घर कसे, हे सर्व विचारले जाते. मुलगा कोणत्या व्हिसावर जाणार आणि त्या व्हिसावर सुनेला तेथे काम करता येईल काय, हे मात्र बहुधा विचारले जात नाही.

भागीदारीच्या करारात दुसऱ्या भागीदाराचे हक्क वाचल्याशिवाय कोणताही व्यापारी सही करीत नाही. व्हिसा हाही एक प्रकारे तसाच दस्तऐवज आहे. त्यात एक मुख्य अर्जदार असतो आणि त्याचा जोडीदार ‘अवलंबित’ म्हणून जातो. अवलंबिताचे हक्क देशागणिक, किंबहुना एकाच देशात व्हिसागणिक, बदलतात.

जोडीदाराला कामाचा हक्क

अमेरिकेचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. तेथील एच-१बी व्हिसा प्रथम तीन वर्षांसाठी मिळतो आणि सर्वसाधारणपणे सहा वर्षांपर्यंत वाढतो. दरवर्षी ६५,००० आणि अमेरिकेतून उच्च पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २०,००० अशी त्याची मर्यादा असून निवड सोडतीने होत आली आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये तेथील अध्यक्षांनी नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचा आकार जाहीर केल्यापासून नियोक्तेही हात आखडता घेतात. या व्हिसाधारकाच्या पत्नीला किंवा पतीला एच-४ मिळतो आणि त्यावर आपोआप नोकरी करता येत नाही. २०१५ च्या नियमानुसार परवानगी मिळते, पण मुख्यतः मुख्य अर्जदाराचा कायम निवासाचा पहिला अर्ज मंजूर झाल्यानंतरच. तोवर उच्चशिक्षित स्त्रीची काही वर्षे घरातच जातात आणि नंतरच्या मुलाखतीत त्या खंडाचा जाब तिलाच द्यावा लागतो. याउलट एकाच कंपनीच्या भारतातील शाखेतून बदलीवर जाणाऱ्यास एल-१ व्हिसा मिळतो. त्यासाठी गेल्या तीन वर्षांत किमान एक वर्ष त्या कंपनीत परदेशी काम केलेले असावे लागते. त्याच्या जोडीदाराला नोव्हेंबर २०२१ पासून वेगळा परवाना न काढता काम करता येते. म्हणजे कंपनी तीच, शहर तेच, तरीही व्हिसाच्या एका अक्षराने सुनेच्या आयुष्यात मोठा फरक पडतो.

ब्रिटनच्या कुशल कामगार व्हिसावर जोडीदाराला जवळजवळ कोणतेही काम करता येते. मात्र जुलै २०२५ पासून नोकरी साधारणतः पदवीस्तराची आणि सर्वसाधारण वेतन वर्षाला किमान ४१,७०० पौंड हवे. मार्च २०२४ पासून शुश्रूषा सेवक म्हणून नव्याने जाणाऱ्यांना कुटुंब नेता येत नाही. आरोग्य अधिभार प्रौढ व्यक्तीमागे वर्षाला १,०३५ पौंड असून तो आगाऊ भरावा लागतो. दोघांचा तीन वर्षांचा हिशेब ६,२१० पौंड होतो. कंपनी यातील किती भाग देते, दोघांचा देते की एकाचाच, हे नेमणूकपत्र स्वीकारण्यापूर्वी लेखी घ्यावे.

कॅनडाने २१ जानेवारी २०२५ पासून जोडीदाराचा खुला वर्क परमिट उच्चकौशल्याच्या आणि निवडक टंचाईच्या व्यवसायांपुरता मर्यादित केला. जर्मनीत ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला जाण्यापूर्वी जर्मन भाषेची परीक्षा द्यावी लागत नाही आणि तेथे पोहोचल्यावर मुक्तपणे काम करता येते. कायम निवास २७ महिन्यांत, भाषा चांगली आल्यास २१ महिन्यांत मिळू शकतो. महाराष्ट्र शासनानेही २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत करार केला आहे.

मुख्य अर्जदार कोण?

मुख्य अर्जदार पतीच असावा, असा नियम यांपैकी कोणत्याही देशात नाही. पत्नी परिचारिका, औषधनिर्माती किंवा अभियंता असेल आणि तिच्या व्यवसायाला तेथे अधिक मागणी असेल, तर तिच्या नावाने अर्ज करून पतीने अवलंबित म्हणून जाणे अधिक हिताचे ठरू शकते. दोन्ही बाजूंचा हिशेब कागदावर मांडून पाहावा.

त्यातच दुसरा प्रश्न येतो, नोकरी गेल्यास काय? एच-१बीवर नोकरी सुटल्यास जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत असते. ब्रिटनमध्येही साधारणतः तेवढीच मुदत मिळते. मुख्य अर्जदाराचा आधार सुटला की अवलंबिताचाही सुटतो. म्हणून दोघांपैकी ज्याचे कौशल्य अनेक नियोक्त्यांना हवे असेल, त्याच्या नावावर व्हिसा असणे अधिक सुरक्षित असते. सहा महिन्यांचा घरखर्च आणि दोघांचे परतीचे भाडे बाजूला ठेवूनच निघावे.

निघण्यापूर्वीची कागदपत्रे

लग्नपत्रिका आणि छायाचित्रे पुरेशी नाहीत. महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्यान्वये विवाहनोंदणी करून प्रमाणपत्र घ्यावे. पत्नीचे नाव पदवीपत्रावर माहेरचे आणि पासपोर्टवर सासरचे असेल, तर त्याचा पुरावा आधीच तयार ठेवावा. गोंडवाना विद्यापीठ २०११ मध्ये गडचिरोलीत स्थापन झाले. त्यापूर्वी या दोन जिल्ह्यांतील महाविद्यालये नागपूर विद्यापीठाकडे होती. म्हणून पदवी कोणत्या विद्यापीठाची आहे ते पाहून त्याच ठिकाणी पडताळणीचा अर्ज करावा. जर्मनीसाठी तेथील ‘अनाबिन’ यादीत आपले विद्यापीठ व पदवी कशी नोंदलेली आहे, हे तपासावे. पासपोर्टसाठी दोन्ही जिल्हे नागपूरच्या प्रादेशिक कार्यालयाच्या कक्षेत येतात.

एजंटाच्या बाबतीत १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली त्याची नोंदणी आहे काय, हे ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावर पाहावे. नोंदणीकृत एजंटाला उमेदवाराकडून कमाल ३०,००० रुपये आणि जीएसटी एवढेच सेवाशुल्क घेता येते. “पत्नीला आधी पर्यटक व्हिसावर न्या, काम तेथे मिळेल,” असे कोणी सुचविल्यास तेथेच नमस्कार करावा.

करातही दोघांची स्थिती वेगळी असू शकते. नोकरीसाठी देश सोडणाऱ्या नागरिकाला त्या वर्षी १८२ दिवसांच्या कसोटीचा लाभ मिळतो. केवळ अवलंबित म्हणून जाणाऱ्या जोडीदाराला तो मिळेलच असे नाही. ऑगस्टमध्ये दोघे बरोबर निघाले, तरी त्या वर्षी एक अनिवासी आणि दुसरा निवासी ठरू शकतो. बचत खाते एनआरओमध्ये बदलणे आवश्यक आहे. पीपीएफ खाते मुदतीपर्यंत चालते, पण नवे उघडता येत नाही. जाणारा दुकानाच्या फर्ममध्ये भागीदार असेल, तर सनदी लेखापालाचा सल्ला निघण्यापूर्वीच घ्यावा.

नियम वारंवार बदलतात, म्हणून अर्जाच्या आठवड्यात त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर ते पुन्हा वाचावेत. आणि स्थळ परदेशी नोकरीचे असेल, तर साखरपुड्यापूर्वीच दोन्हीकडच्या मंडळींनी मुलाला आणि मुलीला समोर बसवून व्हिसाचा प्रकार, जोडीदाराचा कामाचा हक्क आणि परतीची तयारी यांविषयी स्पष्ट बोलून घ्यावे.