विश्लेषण : रिकामे डोमेन ‘पार्क’ करून खरेच पैसे मिळतात का?

व्यवसायाची कल्पना सुचली, घाईघाईने डोमेन घेतले आणि वेबसाइट काही झालीच नाही. आता दरवर्षी फक्त नूतनीकरणाचा मेल येतो. असे एखादे नाव तुमच्याकडेही पडून असेल, तर ‘डोमेन पार्क करा, घरबसल्या कमवा’ हा सल्ला कधी ना कधी कानावर आला असेल. त्यात तथ्य किती, ते पाहू.

डोमेन पार्किंग म्हणजे काय?

डोमेन म्हणजे इंटरनेटवरील पत्ता. तिथे वेबसाइट नसेल, तर जाहिरातींचे एक साधे पान लावता येते. डोमेनच्या सेटिंगमध्ये जाऊन नेमसर्व्हर पार्किंग कंपनीकडे वळवले, की ते पान सुरू होते. जर्मनीतील ‘सेडो’ हे या क्षेत्रातील जुने नाव. कोणी जाहिरातीवर क्लिक केले, तर जाहिरातदाराच्या पैशांतील काही वाटा डोमेनमालकाला मिळतो. रिकाम्या प्लॉटवर होर्डिंग लावून भाडे घेण्यासारखाच हा प्रकार.

मग कमाई का होत नाही?

होर्डिंग चालते ते रस्त्यावर वर्दळ असेल तर. समजा, डोमेनचा वर्षाचा खर्च १,२०० रुपये आहे आणि एका क्लिकमागे तुम्हाला ३ रुपये मिळतात. नुसता खर्च भरून निघायलाच ४०० क्लिक हवेत. जे नाव कोणी टाइपच करत नाही, तिथे ४ क्लिकही कठीण. स्वतःच क्लिक करणे किंवा मित्रांकडून करून घेणे नियमबाह्य आहे. त्यामुळे खाते बंद होऊ शकते.

पूर्वी लोक ब्राउझरमध्ये थेट शब्द टाइप करत. त्यामुळे सर्वसामान्य इंग्रजी शब्दांची डोमेन ज्यांच्याकडे होती, त्यांनी चांगले पैसे कमावले. आता बहुतेक जण सर्च किंवा अ‍ॅप वापरतात. त्यातच गुगलने २०२४ पासून जाहिरातदारांना पार्क केलेल्या डोमेनपासून आपोआप वेगळे ठेवायला सुरुवात केली. त्यामुळे उत्पन्नाचा हा झरा आणखी आटला.

कायद्याचा धोका कुठे?

प्रसिद्ध ब्रँडशी मिळतेजुळते नाव घेऊन पार्क करणे सर्वांत धोक्याचे. डोमेन नावालाही ट्रेडमार्कसारखे संरक्षण मिळू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये ‘सत्यम इन्फोवे’ प्रकरणात स्पष्ट केले. ‘डॉट कॉम’साठी १९९९ पासून आंतरराष्ट्रीय तक्रार यंत्रणा आहे, तर ‘डॉट इन’चे वाद ‘निक्सी’च्या धोरणानुसार लवादाकडे जातात. पार्क पानावर त्याच ब्रँडच्या किंवा स्पर्धकांच्या जाहिराती दिसल्या, तर तो हेतू वाईट असल्याचा पुरावा मानला जाऊ शकतो. ‘जाहिराती आपोआप येतात’ ही सबब सहसा चालत नाही. निकाल विरोधात गेला, तर डोमेन हातचे जाते.

तुमच्या डोमेनचे काय कराल?

- नाव चांगले असेल, तर जाहिरातींऐवजी ‘विक्रीसाठी उपलब्ध’ असे पान लावा.
- ‘ग्राहक तयार आहे, आधी मूल्यांकन प्रमाणपत्रासाठी पैसे भरा’ असा मेल आला, तर सावध राहा. ही जुनी फसवणूक आहे.
- दुकान, क्लास किंवा घरगुती उद्योग असेल, तर पत्ता, वेळ आणि फोन नंबर देणारे एक पान करा. त्यातून आलेला एक ग्राहकही वर्षभराच्या क्लिकपेक्षा जास्त देऊन जाईल.
- उपयोग नसेल, तर नूतनीकरण थांबवा. पण त्याआधी एक गोष्ट तपासा. त्या डोमेनवरचा ईमेल बँक, सोशल मीडिया किंवा सरकारी पोर्टलला जोडलेला आहे का? मुदत संपल्यावर ते नाव दुसऱ्या कोणी घेतले, तर तुमचे मेल आणि पासवर्ड बदलण्याच्या लिंक त्याच्या हाती पडू शकतात. म्हणून आधी सगळीकडचा ईमेल बदला, मगच डोमेन सोडा.